चावडीवरचा निकाल आणि न्यायालयातील साक्ष

गावात खून पडला म्हणजे पहिला निकाल न्यायालयात लागत नाही. तो पानठेल्यावर लागतो. प्रेत अजून शवविच्छेदनाहून परत आलेले नसते, पंचनाम्याची शाई वाळलेली नसते, आणि तोवर चावडीवर आरोपी ठरतो, हेतू ठरतो, हत्यार ठरते. कोणी किती पैसे चारले, हेही त्या वेळी कोणास तरी ठाऊक असते. पुढे वर्ष लोटते, दोन वर्षे लोटतात. तारखांमागून तारखा पडतात, आणि ज्या मंडळींनी पहिल्याच दिवशी सर्व काही जाणले होते त्यांतील एकही साक्षीदाराच्या पिंजऱ्यापर्यंत पोचलेला नसतो. मग तीच मंडळी म्हणतात, “बघा, कोर्टात न्याय कुठला?”

ह्या प्रश्नाकडे आज आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. कटंगी परिसरातील आपल्या कुटुंबांस तो परका नाही. घरी मराठी किंवा पवारी, कचेरीत हिंदी, सोयरीक निम्मी तुमसर-भंडाऱ्याकडे, अशी आपली वस्ती. १९५६ पर्यंत बालाघाट आणि भंडारा हे दोन्ही जिल्हे एकाच राज्यात होते व त्या राज्याची राजधानी नागपूर होती. त्या वर्षीच्या १ नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना झाली. भंडारा मुंबई राज्यात गेला, बालाघाट नव्या मध्य प्रदेशात राहिला. तेव्हापासून आपले अपील जबलपुरास जाते आणि भंडाऱ्याच्या सोयऱ्यांचे नागपुरास. परंतु खेड्याचा स्वभाव हद्दीने बदलत नाही. म्हणून हद्दीपलीकडे, मोहाडी तालुक्यात घडलेल्या खैरलांजीच्या प्रकरणाकडे पाहून आपल्या गावाविषयी विचार करणे अयोग्य होणार नाही. (आपल्या बालाघाट जिल्ह्यातही खैरलांजी नावाची तहसील आहे, ती ही नव्हे, हे आरंभीच सांगून ठेवतो.)

२९ सप्टेंबर २००६ च्या संध्याकाळी भंडारा जिल्ह्यातील त्या लहानशा गावात भैयालाल भोतमांगे ह्या शेतकऱ्याची पत्नी, बारावीत शिकणारी मुलगी आणि दोन मुलगे अशा चौघांना जमावाने ठार मारले. प्रेते कालव्यात टाकण्यात आली. भैयालाल स्वतः त्या वेळी घरी नव्हते, म्हणूनच वाचले. हे कुटुंब बौद्ध होते, आणि गावात इतर जातींची बहुसंख्या होती. शेतीच्या वाटेवरून आणि जमिनीवरून जुनी तेढ होती.

परंतु ज्या गोष्टीमुळे ती संध्याकाळ उगवली ती आमच्या वाचकांनी विशेष ध्यानात घ्यावी. त्याच महिन्याच्या आरंभी शेजारच्या गावच्या, ह्या कुटुंबाशी घरोबा असलेल्या एका गृहस्थास मारहाण झाली होती. त्या मारहाणीत कोण कोण होते हे भोतमांगे यांच्या पत्नीने व मुलीने पोलिसांस सांगितले. त्यांच्या सांगण्यावरून काही जणांना अटक झाली. ते २९ सप्टेंबर रोजी जामिनावर सुटले, आणि त्याच संध्याकाळी भोतमांगे यांच्या घरावर हल्ला झाला. म्हणजे मायलेकींचा अपराध कोणता? त्यांनी जे पाहिले ते सांगितले, एवढाच. वाऱ्यावर बोलणारे गावात शेकडो होते. त्यांतील एकाच्याही केसाला धक्का लागला नाही. ज्या दोघींनी नाव घेऊन, ठाण्यात जाऊन, जबाबदारीने साक्ष दिली, त्यांच्यावर घाला आला.

पुढे काय झाले? चार माणसे मेल्यानंतरही बोलणे थांबले नाही, उलट वाढले. प्रथम मृत स्त्रीच्या चारित्र्याविषयी कुजबुज पसरविण्यात आली. जिला उत्तर देता येत नव्हते तिच्यावर शिंतोडे उडविणे सोपे होते, आणि त्या कुजबुजीच्या आड खरा हेतू झाकला जात होता. दुसरीकडे, मायलेकींवर अत्याचार झाला होता की नव्हता, ह्याविषयी नाना तऱ्हेच्या वार्ता निघाल्या. पहिल्या शवविच्छेदनात ज्या तपासण्या काळजीपूर्वक व्हावयास हव्या होत्या त्या तशा झाल्या नाहीत, हा आक्षेप शेवटपर्यंत राहिला. पुरलेली प्रेते उकरून दुसऱ्यांदा तपासणी करावी लागली. पाण्यात राहिलेल्या आणि मग मातीत गेलेल्या देहाकडून दुसऱ्या खेपेस फारसे काही कळत नाही, हे कोणताही डॉक्टर सांगेल. पहिल्या दोन-तीन दिवसांत जो पुरावा निसटला तो पुढे कितीही आरडाओरडा झाला तरी परत आला नाही.

येथे एक गोष्ट न्यायबुद्धीने नमूद केली पाहिजे. सगळेच सार्वजनिक बोलणे वाईट नव्हते. आरंभीचे काही आठवडे ह्या हत्याकांडाची बाहेरच्या जगास फारशी दादच नव्हती. नोव्हेंबरमध्ये नागपूर, भंडारा, अमरावती आदी ठिकाणी लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा कुठे पोलीस व वैद्यकीय अधिकाऱ्यांवर निलंबनाची कारवाई झाली आणि तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. २००६ च्या डिसेंबरअखेर आरोपपत्र दाखल झाले. तेव्हा, लोकांनी गप्प बसावे असे आमचे म्हणणे मुळीच नाही. ‘तपास नीट करा’ अशी मागणी करणे हा नागरिकाचा हक्क आहे. ‘अमक्यानेच केले, आम्हांस ठाऊक आहे’ असे पाराखाली बसून सांगणे, आणि ठाण्यात विचारले असता ‘मी तर त्या दिवशी सासुरवाडीस होतो’ म्हणणे, ही निराळी गोष्ट आहे. ह्या दोहोंतील भेद आपण पुष्कळदा विसरतो.

भंडाऱ्याच्या सत्र न्यायालयाने १५ सप्टेंबर २००८ रोजी अकरा आरोपींपैकी आठ जणांना दोषी ठरविले व तिघांना निर्दोष सोडले. २४ सप्टेंबर रोजी सहा जणांना फाशी व दोघांना जन्मठेप अशी शिक्षा झाली. १४ जुलै २०१० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून २५ वर्षांच्या कारावासाची शिक्षा दिली. खून हा सूडापोटी झाला, असे दोन्ही न्यायालयांनी मानले. अनुसूचित जातींवरील अत्याचारास प्रतिबंध करणारा कायदा लागू होत नाही, असेही त्यांनी ठरविले. ह्या निष्कर्षाने अनेकांचे समाधान झाले नाही, आणि ते का झाले नाही हे आम्ही समजू शकतो. ज्या गावात एका जातीचे एकाकी कुटुंब भोवतालच्या सर्वांसमोर मारले जाते, तेथे सूड आणि जात हे दोन धागे कोण सुटे करणार? परंतु न्यायालय मनातील ओळखीवर चालत नाही, त्याच्यासमोर जे शाबीत होते त्यावर चालते. जातीचा हेतू शाबीत करावयाचा तर तसे बोल कानांनी ऐकणाऱ्याने पिंजऱ्यात उभे राहून ते सांगावे लागतात.

आणि विलंब? सत्र न्यायालयाचा निकाल दोन वर्षांत लागला. आपल्या देशातील रीत पाहता हा वेगच म्हणावयाचा. खरा काळ वरच्या पायऱ्यांवर गेला. भैयालाल भोतमांगे २० जानेवारी २०१७ रोजी नागपुरात वारले. दहा वर्षांहून अधिक काळ त्यांनी एका खटल्याची सोबत केली, आणि सर्वोच्च न्यायालयातील अपिलाचा शेवट पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. ज्याचे सर्व घर गेले त्या माणसाला ‘अंतिम निकाल’ हे दोन शब्द ऐकावयास मिळू नयेत, ह्याहून विलंबाचे अधिक कठोर वर्णन आम्हांस करता येणार नाही.

हा विलंब कोठे कोठे साचतो ते साध्या शब्दांत पाहू. खुनाची खबर लागली की पोलीस जागेचा पंचनामा करतात. त्यावर पंचांच्या सह्या होतात. पुढे दोन-चार वर्षांनी हेच पंच ‘मी कोऱ्या कागदावर सही केली’ म्हणून सांगतात, आणि सापडलेल्या कुऱ्हाडीचा पुरावा लंगडा होतो. प्रेत शवविच्छेदनास जाते. व्हिसेरा, रक्ताचे डाग, कपडे हे न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जातात, आणि तेथे आधीच साठलेल्या नमुन्यांच्या रांगेत उभे राहतात. साक्षीदारांचे जबाब पोलीस लिहून घेतात; त्यांवर सही घेतली जात नाही, आणि न्यायालयात तो जबाब स्वतः पुरावा होत नाही. साक्षीदाराने पुन्हा शपथेवर सांगावे लागते. मग आरोपपत्र, सत्र न्यायालयाकडे खटला सोपविणे, दोषारोप ठेवणे, सरतपासणी, उलटतपासणी, युक्तिवाद आणि निकाल. ह्या साखळीतील प्रत्येक कडी कोणाच्या तरी अनुपस्थितीने तुटते. कधी वकील नाही, कधी बदलून गेलेला तपास अधिकारी नाही, कधी डॉक्टर परगावी आहे. पुष्कळदा तर समन्स मिळूनही साक्षीदारच आलेला नसतो. धान कापणीचे दिवस, एका दिवसाची मजुरी बुडणार, गेल्या खेपेस तर बसवून ठेवून परत पाठविले, ही त्याची तक्रार खोटी नाही. तरी त्याच्या न येण्यानेही एक तारीख वाया जाते, हेही तितकेच खरे.

१ जुलै २०२४ पासून देशात नवे फौजदारी कायदे लागू झाले आहेत. त्यांत तहकुबींवर मर्यादा घातली आहे. युक्तिवाद संपल्यावर ठराविक दिवसांत निकाल द्यावा, आणि तपास कोठवर आला हे फिर्यादीस नव्वद दिवसांच्या आत कळवावे, असेही सांगितले आहे. कागदावरील ही वाक्ये आपोआप अमलात येत नाहीत. फिर्यादीने जाऊन विचारले पाहिजे. आणि विचारण्याचा त्याला हक्क आहे, हे त्याला माहीत असले पाहिजे.

जामिनाविषयीही दोन शब्द. आरोपी जामिनावर गावात परतला की ‘सुटला, पैसे चारले’ अशी बोलवा उठते. जामीन म्हणजे निर्दोष सुटका नव्हे. खुनाच्या गुन्ह्यात अटकेनंतर ९० दिवसांत आरोपपत्र आले नाही, तर आरोपीस जामीन मागण्याचा हक्कच मिळतो. अशा वेळी विचारावयाचा प्रश्न ‘किती खाल्ले’ हा नसून ‘आरोपपत्र वेळेत का आले नाही’ हा आहे. पहिला प्रश्न हवेत विरतो; दुसऱ्याला कोणा तरी अधिकाऱ्यास लेखी उत्तर द्यावे लागते.

आता तर्कवितर्कांनी पुराव्याची हानी कशी होते ते सांगतो. समजा, एका बाईने अंधारात दोन माणसे पळताना पाहिली. चेहरे दिसले नाहीत. आठ दिवस गावात दोन नावे घुमतात. नवव्या दिवशी तिला वाटू लागते की आपण त्या दोघांनाच पाहिले. ती लबाड नाही. तिच्या डोळ्यांनी पाहिलेल्यात तिच्या कानांनी ऐकलेले मिसळले आहे. पुढे उलटतपासणीत वकील विचारतो, “पहिल्या जबाबात नावे का नाहीत?” आणि तिची खरी साक्षही त्या उसन्या नावांबरोबर वाहून जाते. खरा गुन्हेगार त्याच दाराने बाहेर पडतो. गावाने मदत म्हणून जोडलेली नावे त्याच्या सुटकेचे साधन होतात.

उलटतपासणी म्हणजे साक्षीदाराचा अपमान, असे अनेकांना वाटते. दानिएलाच्या ग्रंथातील सुझान्नेची कथा आपल्या घरांतून परिचित आहे. दोन प्रतिष्ठित वडीलधाऱ्यांनी आळ घेतला, जमावाने विश्वास ठेवला, शिक्षा सुनावून झाली. एका तरुणाने तेवढे दोघांना वेगवेगळे करून एकच साधा प्रश्न विचारला: झाड कोणते? उत्तरे जुळली नाहीत आणि निरपराध स्त्रीचा जीव वाचला. उलटतपासणीचे सार ह्याहून अधिक काय आहे? खोटी साक्ष देऊ नये, ही आज्ञा आपण लहानपणी पाठ करतो. परंतु ती केवळ न्यायालयातील शपथेपुरती आहे, असा समज करून घेतो. न पाहिलेले पाहिल्यासारखे पानठेल्यावर सांगणे हेही तिच्यात येते.

कोणी म्हणेल, प्रत्यक्ष पाहणारा नसेल तर काय? तेव्हा परिस्थितिजन्य पुरावा कामास येतो, पण त्याची कसोटी कडक आहे. पुण्याच्या एका विवाहितेच्या मृत्यूवरून उद्भवलेल्या शरद बिरधीचंद सारडा ह्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली ह्या पुराव्याची पाच तत्त्वे सांगितली. त्यांचा आशय असा की, प्रत्येक परिस्थिती पूर्णपणे शाबीत झाली पाहिजे, आणि सर्व मिळून अशी अतूट साखळी झाली पाहिजे की आरोपीच्या दोषाखेरीज दुसरा निष्कर्षच उरू नये. ‘त्यानेच केले असेल’ आणि ‘त्यानेच केले असले पाहिजे’ ह्यांत जे अंतर आहे, त्या अंतरात एखाद्याचे आयुष्य असते. सारडा यांस मृत्युदंडाची शिक्षा झाली होती. ह्याच कसोटीने ते निर्दोष ठरले.

ह्याउलट, साधा साक्षीदार धीर धरून उभा राहिला तर काय होते तेही पाहा. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा गोळ्या झाडून खून झाला. तपास एका हातातून दुसऱ्या हातात गेला, आधी पकडलेले सुटले, पुढे दुसरे पकडले गेले. कोणी केले, कोणी करविले, पिस्तूल कोठे गेले, ह्यांवर वर्तमानपत्रांचे रकानेच्या रकाने भरले. दोषारोप ठेवावयास २०२१ साल उजाडले. २०२२ साली, म्हणजे घटनेनंतर साडेआठ वर्षांनी, पुणे महापालिकेचा एक सफाई कामगार न्यायालयात उभा राहिला. त्या सकाळी काम करीत असता जे पाहिले ते त्याने सांगितले आणि आरोपींना ओळखले. १० मे २०२४ रोजी दोघांना जन्मठेप झाली. तिघे पुराव्याअभावी सुटले. खुनामागील सूत्रधार कोण, हा प्रश्न अनुत्तरितच राहिला. तरीही, एवढ्या मोठ्या यंत्रणेच्या, एवढ्या वर्षांच्या कामाचा भार अखेर रस्ता झाडणाऱ्या माणसाच्या डोळ्यांनी उचलला, ही गोष्ट खेड्यातील प्रत्येक मजुराने मनात ठेवण्यासारखी आहे.

मग आपण काय करावे? आमच्या मते पुढील गोष्टी कोणत्याही कुटुंबास करता येतील. ज्याने पाहिले त्याने त्याच दिवशी, कोणाशी चर्चा करण्यापूर्वी सांगावे. आणि पाहिले तेवढेच सांगावे. दिसले नसेल तर ‘दिसले नाही’ म्हणावे. ह्या उत्तराने साक्ष दुबळी होत नाही, विश्वासास पात्र होते. भीती वाटत असेल तर दंडाधिकाऱ्यासमोर जबाब नोंदविण्याची विनंती करावी. हिंदी नीट येत नसेल तर आपल्या बोलीत बोलावे आणि लिहून घेतलेले समजावून मागावे. पवारीतील एक शब्द हिंदीत चुकीचा उतरला तर पुढे तोच ‘विसंगती’ म्हणून पुढे येतो. साक्षीदाराच्या संरक्षणासाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली एक योजना देशभर लागू केली. तीनुसार जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे अर्ज करता येतो, आणि धोका पाहून पोलीस सोबत किंवा बंद दाराआड साक्ष अशी सोय होऊ शकते. खैरलांजीच्या मायलेकींच्या वेळी अशी योजना नव्हती. आज ती आहे. पण जो अर्जच करीत नाही त्याच्या दारी ती चालत येत नाही.

आणि जे साक्षीदार नाहीत त्यांचे काम? त्यांचे काम सर्वांत मोठे आहे. तारखेच्या दिवशी साक्षीदाराच्या शेतावर एखादा गडी पाठवावा. त्याच्या बाईमाणसाजवळ संध्याकाळी कोणी तरी बसावे. न्यायालयात त्याच्याबरोबर दोन माणसे जावीत. बोलावयास नव्हे, बाकावर बसावयास. खैरलांजीत त्या संध्याकाळी गाव रिकामे नव्हते. ऐकणारी घरे होती, पाहणाऱ्या खिडक्या होत्या. त्या मायलेकी साक्षीदार झाल्या तेव्हा त्यांच्या पाठीशी पाच-पन्नास माणसे उघडपणे उभी राहिली असती, तर मारेकऱ्यांस त्या घराकडे वळण्यापूर्वी विचार करावा लागला असता.

न्यायालये मंद आहेत, तपासात त्रुटी राहतात, हे आम्ही नाकारीत नाही. त्याविषयी सरकारास जाब विचारलाच पाहिजे. परंतु न्यायाधीश आकाशातून पाहत नाही. गाव जेवढे त्याच्यासमोर शपथेवर ठेवते, तेवढेच त्याला दिसते. तेव्हा एखाद्या खटल्याविषयी बोलण्यास तोंड उघडण्यापूर्वी प्रत्येकाने स्वतःस एवढेच विचारावे: हे मी पाहिले आहे काय, आणि पाहिले असल्यास ते पिंजऱ्यात उभा राहून सांगेन काय? दोन्ही उत्तरे ‘होय’ असतील तर पानठेल्याकडे न जाता सरळ ठाण्याची वाट धरावी. एक जरी ‘नाही’ असेल, तर मृताच्या घरी जाऊन त्याच्या माणसांजवळ मुकाट्याने बसावे. त्या घराला त्या दिवशी निकालाची नव्हे, सोबतीची गरज असते.